पुट्टाच्या कानातला शंख

आमच्या घरात समुद्र पोत्यातून यायचा. मी स्वतः समुद्र अजून बघितलेला नाही, खोटं कशाला सांगू, बेंगळूरातच जन्मले, चामराजपेटेतच मला दिलं, एका गल्लीतनं दुसऱ्या गल्लीत, पण समुद्राचा वास मला माझ्या अंगाच्या वासासारखा माहीत आहे. आमचे हे, नागराज, आणि त्यांची आई, ही दोघं शंखशिंपल्यांचे पडदे करायची. दाराला लावतात बघा, माणूस आत शिरला की खळखळ वाजतात, ते. किनाऱ्याकडनं लॉरीत पोती यायची, जिन्यावरनं ओढत ओढत वर न्यायची, गच्चीवर टबात ओतायची, ब्लीचिंग पावडर टाकायची, आणि मग आठवडाभर शेजारपाजारचे लोक आमच्याकडे नाक मुरडून बघायचे. मी आठवीपर्यंत शिकले, तेही कन्नड शाळेत. मराठी आमची घरातली, बोलायची. हिंदीच्या तासाला जी अक्षरं शिकले त्याच अक्षरांनी हे लिहितेय, बोलते तसं लिहितेय, चुकलं तर चुकलं.

सासूला मी आत्या म्हणते, आमच्यात तसंच म्हणतात. आत्यांचा हात शिंपल्यांवरनं असा फिरायचा जसा दुसऱ्या बाया तांदूळ निवडतात. फुटका बाजूला, चांगला बाजूला, तोंडाने बोलणं चालूच. सगळ्यात जास्त माल आमच्याकडे यायचा तो उंच शंखांचा. उंच, निमुळते, वळणावर वळण, खाली बोटाएवढे जाड आणि वर गेले की सुईसारखे. बाजारात त्यांना काय म्हणतात कोण जाणे, पडदे घेणारे सगळ्यालाच शंख म्हणतात. आमच्या घरात आत्यांनी नाव पाडलेलं, गोपुरं. देवळाच्या गोपुरासारखे थरावर थर ना, म्हणून. एवढं एवढं लवंगेसारखं गोपूर पण असायचं पोत्यात, ते ओवायच्या कामाचं नाही, ते आत्या झाडून टाकायच्या. मोठ्याला ओठाशी भोक पाडायचं, नायलॉनच्या दोऱ्यात ओवायचं, गाठ मारायची, परत ओवायचं. गोपुराचा आवाज सगळ्यात गोड. बाकीचे शिंपले आपटतात, गोपुरं किणकिणतात.

सगळी काही रिकामी येत नसत. काहींच्यात प्राणी तसाच असायचा. मग उकळत्या पाण्यात टाकायची आणि वाकवलेल्या टाचणीने तो बाहेर ओढायचा, तोही शंखासारखाच पिळलेला निघायचा. माझ्या पोटात तेव्हा पुट्टा होता, मी नाकाला पदर लावून करायची, मध्येच पळत जाऊन ओकून यायची. आत्या म्हणायच्या, स्वल्प दम धर गं, मी पण नागराजला पोटात घेऊन हेच केलं, बघ कसा घोड्यासारखा झालाय. एकदा एक पोतं ओलंच आलं, चिखलासकट, आणि टबात ओतलं तर एक गोपूर हललं. मी ओरडलेच. लॉरीवाला अजून खालीच होता, पाणी पीत. त्याने सांगितलं, हे चिखलातच राहतं अक्का, पोटासाठी कुठे हिंडत नाही. पुरून घेतं, पाणी आत ओढतं, त्यात जे येईल ते गाळून खातं, आणि कोण आलं की दार लावून घेतं. दार म्हणजे खरंच दार, तपकिरी पातळ झाकण, मसुरीच्या सालासारखं.

मी ते बादलीत ठेवलं. पोत्यातलाच चिखल घातला, वर पाणी, पाण्यात स्वयंपाकाचं मीठ. कसली अक्कल. पण ते हळू हळू आत गेलं, मी स्वयंपाक टाकून बघत बसले, संध्याकाळपर्यंत वर फक्त एक चर उरली होती. परत ते वर आलंच नाही. मग वास यायला लागला तेव्हा ह्यांनी बादली उपडी केली आणि ते पण बाकीच्यांबरोबर उकळत्या पाण्यात टाकलं. आता मी व्हाइटफील्डला ज्यांच्याकडे स्वयंपाकाला जाते त्या पुण्याच्या ताईंनी मला मोबाइलवर त्याची चित्रं काढून दाखवली, म्हणाल्या ह्यांचं मोठं कुळ आहे, सगळ्या समुद्रांत, सगळी अशीच पुरून घेऊन बसणारी. मी म्हटलं ताई, कुळातलं एक तरी माझ्या हाताला जगायचं होतं.

पुट्टा झाला. नाव दुसरं ठेवलंय, पण इथे लहान पोराला पुट्टा म्हणतात, कन्नडमधलं, तेच चिकटलं. गोरा, गुबगुबीत, जास्त रडका नाही. मी त्याला टबांच्या आणि पोत्यांच्या मध्ये चटईवर टाकायची आणि ओवायला बसायची. हे भोक पाडायचं मशीन लावायचे, जमिनीवरच स्टँड होतं त्याचं, आणि मशीन सुरू झालं की पुट्टा जिथे असेल तिथनं रांगत यायचा. झोपेतनं उठून यायचा. आत्या सगळ्या गल्लीला सांगायच्या, कान बघा कसे आहेत माझ्या नातवाचे, बापाच्या कामाचा आवाज ओळखतो. गोपुरं तर त्याचा जीव. तोंडात नाही घालायचा, दातांवर आडवं धरायचा आणि नखाने वळणं खरवडायचा, डोळे मिटून. आम्ही हसायचो, बासरी वाजवतो म्हणायचो.

मग खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी तक्रार केली. त्यांचं बरोबरच होतं, त्यांच्या घरातली भांडी थरथरायची. नागराजनी जाड रबराची शीट आणली, मशीनखाली घातली. आणि त्या दिवसापासून पुट्टा यायचा बंद झाला.

मला पहिले कळलंच नाही. मला वाटलं कंटाळला असेल, मोठा व्हायला लागला, मुलं अशीच असतात. मशीन त्याच्या पाठीमागे घरघरतंय आणि हा खिडकीकडे तोंड करून बसलाय, हे मी रोज बघत होते. मग एक दिवस माझ्या हातातनं स्टीलची परात पडली, अवरेकाळू, पावट्याचे दाणे, सोलून ठेवलेले सगळे घरभर झाले, आत्या दचकल्या, हे आतनं धावत आले, आणि पुट्टा, परातीकडे पाठ करून, गोपूर दातांवर धरून बसलेला, तसाच. एक दाणा घरंगळत त्याच्या पायाला लागला तेव्हा त्याने वळून बघितलं. मी परात उचलली आणि परत आपटली. परत आपटली. आत्या म्हणाल्या अगं वेड लागलं का तुला. मी म्हटलं आत्या, तो बघेना. तो बघेना ना.

त्या दिवशी जेवण कुणी केलंच नाही. आम्ही तिघं त्याच्या मागे उभं राहून हाका मारत होतो, टाळ्या वाजवत होतो, देवघरातली घंटा आणली. आणि मग आत्याच म्हणाल्या, ते लवंगेएवढं गोपूर घातलं असेल ह्याने कानात. असणारच. हिचं लक्ष कुठे असतं. मला ते ऐकून बरं वाटलं. खरंच सांगते, बरं वाटलं. घातलेलं असेल तर काढता येईल.

हॉस्पिटलात किती गर्दी. सकाळचं गेलो आणि दुपारी आत घेतलं. डॉक्टर बाई होत्या, तरुण, माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी दोन्ही कानांत लाइट मारून बघितलं. मग एका मुलीने पुट्टाला दुसऱ्या खोलीत नेऊन वायर लावल्या, कागद काढले. मग डॉक्टर बाई माझ्याशी बोलायला लागल्या, हे पुट्टाला घेऊन बाहेर फिरवत होते, तो फार रडत होता. त्या कन्नडमध्येच बोलत होत्या, हळू, चांगलं बोलत होत्या, पण माझा कान बाहेरच्या रडण्याकडे होता, त्यांची वाक्यं मला तुकडे तुकडे येत होती. त्यात त्या म्हणाल्या, "किवियोळगे ओंदु शंख इरत्ते अम्मा." कानाच्या आत एक शंख असतो. मी तेवढंच धरलं. त्या पुढे बोलत होत्या, तो काम करत नाही, मोठी टेस्ट करायला परत या, दुसरं काय काय, मी मान हलवत होते, सरी, सरी, म्हणजे बरं, बरं. माझ्या डोक्यात एकच, शंख आहे. आत आहे. आत्यांचं खरं निघालं.

दुसऱ्या कुठल्या बाईला असं वाटलं नसतं. जिच्या घरात शंख नाहीत तिने विचारलं असतं, शंख म्हणजे काय हो डॉक्टर. मी कशाला विचारू. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत शंखच ओवत होते.

बाहेर येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले मग त्यांनी काढला का नाही. मी म्हटलं परत बोलवलंय. हे म्हणाले परत कधी, तोपर्यंत तो आत सरकत गेला तर. घरी आल्यावर आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एवढ्यासाठी मोठं हॉस्पिटल कशाला, मार्केटपाशी तो माणूस बसतो ना कान साफ करणारा, सगळ्या हमालांचे कान तोच बघतो. मला नको वाटत होतं. मी म्हटलं डॉक्टर बाई परत या म्हणाल्यात. आत्या म्हणाल्या तू गप, तुझ्या असल्या लक्ष ठेवण्यामुळेच आज हे आहे. मी पुट्टाला उचललं आणि निघाले त्यांच्या मागे.

रविवार होता. तो माणूस फुटपाथवर झाडाखाली बसलेला, चामड्याची पिशवी, त्यात पितळेच्या बारीक काड्या. आत्यांनी सांगितलं, आत शंख आहे, एवढा, आणि करंगळीचं नख दाखवलं. तो म्हणाला शंख काय, मी लोकांच्या कानातनं काय काय काढलंय. ह्यांनी पुट्टाचं डोकं धरलं. मी पाय धरले. त्याने काडी आत घातली आणि पुट्टा असा किंचाळला की फुलं विकणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. माझ्या हातात त्याचे पाय, सुटायला बघतायत, आणि मी दाबून धरतेय. मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते, त्याच्या पायातल्या काळ्या दोऱ्याकडे बघत होते. मग त्या माणसाने मूठ उघडली. कापसावर थोडं रक्त आणि एक बारीक पांढरं शंखासारखं काहीतरी.

आत्या रडायलाच लागल्या. त्या माणसाला हात जोडले. नागराजनी पुट्टाला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या पाठीवर थोपटत नुसते उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. मी कापूस हातात घेतला. गोपुराच्या अंगावर रेघा असतात, वळणाबरोबर वर वर फिरत जाणाऱ्या, नख लावलं की कळतात. ह्याला रेघा नव्हत्या. हा बसका होता, गुळगुळीत, पातळ. तुळशीच्या कुंडीत पावसाळ्यात निघते ती साधी गोगलगाय, तिच्या पिल्लाचं कवच. ते पुट्टाच्या कानातनं आलंच नव्हतं. शंख आहे असं आम्ही सांगितलं, म्हणून त्याने शंख काढला.

घरी जाताना मी ह्यांना हळूच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "आज नको बोलू." आत्यांनी ओब्बट्टू, म्हणजे पुरणपोळ्या केल्या, पुरण स्वतः वाटलं, तूप वाढलं. आणि पुट्टाच्या पाठीमागे जाऊन बसल्या. पुट्टा, म्हणाल्या. पुट्टा, अरे राजा, इकडे बघ. तो तुपात तुकडा बुडवत होता. आत्या म्हणाल्या सूज आहे, दोन दिवस लागतील. दोन दिवस झाले, त्यांनी आणखी दोन सांगितले. स्वयंपाकघरातनं, मोरीतनं, गच्चीवरनं त्यांची हाक चालूच, पुट्टा, पुट्टा, असं ऐकून ऐकून मला वाटायला लागलं की मी बहिरी झाले तर बरं. आणि मग कानातनं पाणी यायला लागलं, पिवळं, वासाचं, आणि अंग तापलं.

रिक्षात मी रिक्षावाल्या अण्णांना सारखं बेगा होगी, लवकर चला म्हणत होते, आणि पुढे सगळा ट्रॅफिक जाम. पुट्टा माझ्या छातीवर, भट्टीसारखा. आत घेतलं तर त्याच डॉक्टर बाई. त्यांनी कान बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. काय घातलं ह्यात, कुणी घातलं. त्या रागावल्या नव्हत्या, पण माझ्यातच काय शिरलं कोण जाणे, मी त्यांच्यावर ओरडले, माझ्या तुटक्या कन्नडात, तुम्हीच म्हणाला कानात शंख आहे, आम्ही काढून घेतला, तरी त्याला ऐकू येत नाही, मग अजून एक आहे का आत, किती आहेत आत.

डॉक्टर बाईंच्या हातात ते बघायचं यंत्र होतं, ते त्यांनी खाली ठेवलं. मग ह्यांनाही आत बोलवलं, दोघांना बसवलं, आणि स्वतःच्या कानाला हात लावला. मग माझ्या कानाला लावला. म्हणाल्या, "नन्न किवियल्लू इदे, निम्म किवियल्लू इदे." माझ्या कानात आहे, तुमच्या कानात पण आहे. तो काढायचा नसतो अम्मा. सगळ्यांना असतो, वाटाण्याएवढा, हाडाच्या आत, गोल वळलेला, म्हणून त्याला शंख म्हटलं मी. त्यानेच आपल्याला ऐकू येतं. ह्याचा जन्मापासून तसाच आहे, आवाज आत जातो पण तो पुढे पाठवत नाही. तुम्ही काही केलं नाही, तुमच्या घरातल्या कुठल्याच शिंपल्याने काही केलं नाही.

कुणीच काही केलं नव्हतं. म्हणजे काढण्यासारखं काहीच नव्हतं. आजपर्यंत मला वाटतं, पुट्टा बहिरा आहे हे मला परात पडली त्या दिवशी कळलंच नाही, त्या खुर्चीवर कळलं. मशीनकडे तो जमिनीच्या थरथरीनं यायचा, आवाजानं नाही, हेही तिथेच. नागराज हसायला लागले. आमच्यात येड्या माणसाला शंख म्हणतात ना, तर ते म्हणाले, "डॉक्टर, कानात नाही, शंख इथे बसलेत, दोघं." डॉक्टर बाईंना मराठी कळत नव्हती. ह्यांचं हसणं थांबेना आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी त्यांचा गुडघा धरून बसले. डॉक्टर बाईंनी औषध दिलं, जखम भरली की टेस्ट करू म्हणाल्या, कानाला लावायचं मशीन असतं, ऑपरेशन पण असतं, वेळ लागेल, आत्ताच काही सांगता येत नाही. आणि जाताना मला म्हणाल्या, पाठीमागनं हाका मारू नका. समोर बसा, त्याला तुमचं तोंड दिसू दे, आणि बोला. ऐकू येत नाही म्हणून बोलायचं थांबवू नका.

घरी आत्या दारातच उभ्या होत्या. ह्यांनी चपला काढल्या आणि सरळ गच्चीवर गेले, सांगायचं माझ्यावर आलं. मी त्यांना मराठीत सांगितलं, जसं जमेल तसं. आत्यांनी सगळं ऐकलं. मग हळूच बोट स्वतःच्या कानाला लावलं, जसं काही दुखतंय.

"माझ्या पण कानात आहे?"

"आहे."

"तुझ्या?"

"आहे, आत्या."

"मग सगळ्यांचा चालतो आणि ह्याचाच का नाही?"

त्या वाट बघत होत्या, खरंच वाट बघत होत्या, जसं काही मी डॉक्टरांकडनं ते पण विचारून आले असेन आणि सांगायचं विसरले असेन. मग त्या आत गेल्या. थोड्या वेळाने देवघरात घंटा वाजली, नेहमीपेक्षा फार जोरात, आणि मध्येच थांबली.

पुट्टाचा ताप उतरला तेव्हा संध्याकाळ होती. मी त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि त्याच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. बोला म्हणाल्या होत्या. काय बोलू? ह्याच्या जन्मापासून मी बडबडतेय, अंघोळ घालताना, भरवताना, ओवताना मान खाली घालून, आणि त्यातलं एक अक्षर ह्याच्यापर्यंत गेलेलं नाही, मग पहिलं कुठलं सांगू. तो माझ्याकडे बघत होता, कानात कापूस, डोळे लाल. मला दुसरं काहीच सुचलं नाही. मी म्हटलं, पुट्टा.

माझे ओठ मिटले आणि उघडले. त्याच्या तोंडावर माझा श्वास लागला असेल, त्याने डोळे मिचकावले. मग हात पुढे केला आणि माझ्या ओठांवर ठेवला. मी परत म्हटलं, पुट्टा. त्याने आपले ओठ मिटले, घट्ट, गाल फुगवले, आणि सोडले. आवाज नाही. नुसती हवा, औषधाच्या वासाची, माझ्या तोंडावर. आणि हात तसाच ठेवून तो माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसला.